दोन नद्यांच्या बेचक्यात, भूकंपाच्या शोधात

परभणी जिल्ह्यात भूकंप बघायला कोणी जात नाही. मी गेलो, कारण तहसिलातून फाइल आली तेव्हा मी नेमका साहेबांच्या खोलीसमोरून चाललो होतो. पूर्णा आणि गोदावरी मिळतात तिथे ढोणवाडी नावाचं गाव आहे. तिथली जमीन खचतेय, भिंती तडकतायत, हा जलजला तर नव्हे, असा उर्दूत सवाल होता. आमच्या पाटबंधारे खात्याकडे भूकंपाचं यंत्र नव्हतं. साहेब म्हणाले, "परातीत पाणी भरून ठेवा. हललं की वेळ लिहा." अठरा वर्षं बांध मोजतोय, पण परात हे सरकारी उपकरण आहे हे त्या दिवशी कळलं.

तुम्हाला तिकडे जायचं झालं तर औरंगाबादहून पूर्णेपर्यंत गाडीने जा. खिशात हाली सिक्का, म्हणजे इकडच्या संस्थानाचं नाणं, ठेवा. इंग्रजी कलदार रुपया दाखवला की फराळवाला तो उलटसुलट करून बघत बसतो आणि तोवर गाडी सुटते. पूर्णा स्टेशनाबाहेर भाकरी, पिठलं आणि ठेचा दोन आण्यांत मिळतो. ठेचा जपून खा. पुढे चार कोस बैलगाडी, तीही काळ्या रानातून, आणि उन्हाळ्यात तिथे बैलाचा खूर अडकेल एवढ्या भेगा असतात.

"सायेब, कशाला जायलाव तिकडं?" गाडीवानाने विचारलं.

"भूकंप बघायला."

"मंग धरून बसा. वाटंतच दावतो." आणि त्याने शब्द पाळला.

ढोणवाडीच्या तीन बाजूंनी उंच बांध आहे. मागच्या पिढीत मोठा पूर आल्यावर पडक्या गढीची पांढरी माती आणून तो घातला, कारण त्या मातीतून पाणी झिरपत नाही. बांधाखालचं पहिलं घर गयाबाईंचं. पन्नाशीच्या, विधवा, सोबतीला एक म्हैस. त्यांच्या मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग होती. परात मी त्यांच्याच घरात ठेवली.

"भूकंप हाय का न्हाई ते तुमचं तुमी बघा," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, औंदा बांध ऱ्हातो का? फुटला तर पयलं पानी माज्या दारात."

दोन दिवस मी मोजमाप केलं. गयाबाईंच्या घरामागे बांध वीतभर खाली बसला होता. का, ते कळेना. तिसऱ्या दिवशी दुपारी परातीतलं पाणी थरथरलं. मी वेळ लिहिली, गयाबाईंना बाहेर काढलं, म्हशीला बाहेर काढलं, आणि रस्त्यात उभं राहून सगळ्या आळीला घराबाहेर पडायला सांगितलं. लोक आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. थरथर चालूच होती. शेजारच्या चावडीच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, सात-आठ जण ओली माती बडवत होते. त्या चावडीतच माझा मुक्काम होता.

"सायेब, तुमच्यासाठीच चाललंय," लिंबाजी पाटील वरून म्हणाले. "वळवाचा पाऊस आला की चावडी लय गळती. सरकारी मानूस भिजला तर गावाचं नाव जाईल."

"माती कुठली?"

"बांधाच्या पायथ्याची. तिच्यावानी माती न्हाई. समदेच नेत्यात, दर उन्हाळ्यात."

मग सगळं उलगडलं. मृगाच्या आधी प्रत्येक घर बांधाखालून चार टोपल्या माती उचलायचं आणि माळवदावर टाकायचं. जुना थर कोणी काढत नसे, त्यामुळे छतं हातभर जाड झाली होती आणि त्यांच्या ओझ्याने भिंती तडकत होत्या. इतकी वर्षं गाव आपल्या पायाखालची माती काढून डोक्यावर ठेवत होतं. मला आनंद झाला, हे कबूल करतो. संध्याकाळी चावडीत मी ऐटीत सांगितलं, की छतावरची माती खाली आणा आणि बांध भरून काढा.

 मग गयाबाई म्हणाल्या, "माती वर ऱ्हायली तर नदी घरात. खाली नेली तर पाऊस घरात. कशानं भिजावं ते सांगा सायेब."

मी नदीचा विचार केला होता, घराचा केलाच नव्हता.  सकाळी पाहतो तर गयाबाई खोरं घेऊन माळवदावर. "निम्मं देते," म्हणाल्या. त्यांना बघून बाकीच्यांनीही टोपल्या उचलल्या. पाटलांनी चार माणसं बघतील अशा वेळी दोन गाड्या भरून पाठवल्या.

घरी परतलो आणि पाच पानी अहवाल दिला. पावसाळा सरल्यावर खात्याचा शेरा आला: वेळीच केलेल्या मुआयन्यामुळे, म्हणजे पाहणीमुळे, भूकंप झाला नाही, फाइल बंद. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात पाटलांचं पत्र आलं. पाणी बांधाच्या काठापर्यंत चढलं होतं, पण बांध राहिला. गयाबाईंची म्हैस व्यायला झाली होती, म्हणून छताखालची कोरडी बाजू त्यांनी तिला दिली आणि स्वतः गळत्या बाजूला घोंगडी घेऊन बसल्या. महिनाभर तापाने आजारी होत्या, आता बऱ्या आहेत. शेवटी त्यांचा निरोप होता: "येत्या उन्हाळ्यात बी निम्मंच ठिवू का, ते सायबाला इचारा."

परतताना बैलगाडीतून मला गावच्या माळावर झुडपांनी झाकलेली पांढऱ्या मातीची एक जुनी खाण दिसली होती. सगळ्या गावाला पुरेल एवढी माती, बांधापासून कोसभर, गाडीवाटेला लागूनच. अहवालाच्या नमुन्यात तिच्यासाठी रकाना नव्हता आणि उन्हात उतरायचा मला कंटाळा आला होता, म्हणून मी ती कुठेच लिहिली नाही, कोणाला सांगितली नाही. काल गयाबाईंना पत्र टाकलं. खाण कुठे आहे ते सांगितलं. ती मला कधी दिसली, ते मात्र लिहायचा धीर झाला नाही.