नऊ दातांचा सेल्फ

माझं अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर हे लिहिते आहे. कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

भोरच्या सेल्फमास्तरांना गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. किल्ली फिरवली की जी लहान मोटर इंजिनाला पहिला हिसका देते, तिला गॅरेजवाले सेल्फ म्हणतात. मास्तर एवढंच काम करायचे. एक लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. कुणी मध्ये बोललं की म्हणायचे, "गाडीला बोलू द्या की राव, तुमचं बोलणं रोजचंच हाय."

आमची गाडी काळी, गोल दिव्यांची, माझ्या जन्माच्याही आधीची. सासऱ्यांनी ती घेतली आणि किकवीपासून पार वेल्ह्यापर्यंत नवरा-नवरीला मिरवणुकीसाठी द्यायला लागले. पुढे आमचे हे चालवू लागले. लग्नसराईत आमचं घर तिच्यावर चालायचं. तिला काही झालं की मास्तर यायचे. मी चहा ठेवून आत जायला निघाले की ते हाक मारायचे, "वैनी, कुठं चालला? हितं उभं ऱ्हावा. मालकाला गाडी कळती, मालकिणीला कळली पायजे."

मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. सेल्फला पुढे एक लहान दातेरी चाक असतं, ते इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दातांत बसतं, हे मला त्यांनी शिकवलं. दात मोजायचे कसे तेही. एका दातावर खडूनं खूण करायची आणि खूण परत समोर येईपर्यंत मोजायचं, म्हणजे चुकत नाही. आमच्या सेल्फला नऊ दात होते. "नऊ म्हंजे नऊच," मास्तर म्हणायचे. "एका दाताची चूक झाली तर सेल्फ गाडीला खातो."

त्यांची आणखी एक सवय होती. मजुरी घेताना हात कितीही तेलकट असला तरी डावा हात पुढे करायचे नाहीत. उजवा हात आधी फडक्याला पुसायचे, मग पायजम्याला, मग उन्हात धरून बघायचे. आमच्या यांना एसटी गाठायची असली तरी थांबावं लागायचं. "लक्ष्मी उजव्या हातानं द्यावी, उजव्या हातानं घ्यावी. डाव्यानं घेतली का ती उलट्या पावली जाती."

परवाच्या दिवाळीनंतर सेल्फ जड फिरायला लागला. आतलं तारकाम नव्यानं भरायचं ठरलं. सेल्फ काढून यांनी ओट्यावर ठेवला, तेव्हा मी त्यावर लाल तेलरंगानं दोन तिरप्या रेघा ओढल्या आणि खाली एक ठिपका दिला. माझं माहेर पासलीच्या वर, डोंगरातल्या वाडीत. तिथे शेरडं दुसऱ्याच्या कळपात चरायला जाताना शिंगावर आपली खूण केल्याशिवाय जात नाहीत. आमच्या घराची ती खूण. जिनसा परक्याच्या हाती जाताना माझा हात आपोआप रंगाकडे जातो. मास्तर सेल्फ न्यायला आले, ती पाहून हसले.

"वैनी, ह्याला चराया सोडायचाय व्हय?"

आठ दिवसांनी निरोप आला की सेल्फ जळाला, आतून पार गेला. हे भोरला गेले, तर जुना दाखवायलाही नव्हता, भंगारात गेला असं मास्तर म्हणाले. मास्तरांनी दुसरा शोधायचं कबूल केलं. इतक्या जुन्या गाडीचा सुटा सेल्फ मिळणं म्हणजे वाळूत सुई. ते पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन येत, आम्ही पैसे देत असू. अकरा हजार गेले. एक सेल्फ आणला तो उलटा फिरायचा. दुसऱ्याची बोल्टची भोकं जुळली नाहीत. तिसरा त्यांनी कड घासून बसवला. बसवण्याआधी मी खडू घेऊन दात मोजले.

"मास्तर, दहा आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "एखादा दात हिकडंतिकडं चालतो, वैनी."

मी खडू ठेवून दिला. ज्या माणसानं शिकवलं त्यालाच उलट बोलायचं कसं? पण त्या दिवशी त्यांनी चहा निम्मा टाकला, ते माझ्या ध्यानात राहिलं.

चार दिवस तो सेल्फ कर्रकर्र वाजत चालला आणि मग इंजिन न पकडता नुसताच फिरायला लागला. लग्नाच्या सुपाऱ्या घेतलेल्या होत्या. मग हे पुढून लोखंडी हँडल घालून गाडी चालू करायला लागले. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही, नाहीतर इंजिन उलटं झटकतं, हेही मास्तरांनीच शिकवलेलं. एका सकाळी नवरदेवाकडचे घाई करत होते. यांच्या ध्यानात राहिलं नाही. हँडलनं उलटा फटका दिला आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत स्टीलची पट्टी घालावी लागली. गाडीवर ताडपत्री पडली.

मास्तर दवाखान्यात आले होते. पिशवीत मोसंबी होती. यांच्या पायाशी बसून राहिले. मला वाटलं, केवढी माया.

माघात मार्गासनीला नात्यातलं लग्न होतं. नवरदेव आला तो आमच्यासारख्याच काळ्या, गोल दिव्यांच्या गाडीतून. त्या बाजूच्या एका फार्महाऊसवाल्यांची होती. गाडी तापली म्हणून ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं. बायका नवरीकडे गेल्या आणि मी गाडीकडे गेले, कशी गेले कुणास ठाऊक. इंजिनाच्या कडेला, खाली, दोन लाल तिरप्या रेघा होत्या. खाली ठिपका.

 जेवले, आहेर दिला, घरी आले. रात्रभर पाठ टेकली नाही. दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा एकटी एसटीनं भोरला गेले. मास्तर दुकानासमोर उकिडवे बसले होते.

"मास्तर, काल मार्गासनीला आमची खूण बघितली."

त्यांनी फडकं घेतलं आणि हात पुसायला लागले.

"जळाला नव्हता तर," मी म्हटलं.

"न्हवता."

"मग?"

"लई मागं लागलं हुतं ते फार्महाऊसवालं. त्यास्नी लगीच पायजे हुता. मला वाटलं, तुमाला दुसरा गावंल. जल्म गेला माझा ह्याच्यात, एक सेल्फ गावायचा न्हाई व्हय? पर न्हाई गावला."

"खूण का नाही पुसली?"

त्यांनी फडक्याची घडी घातली. "राकेलचा बोळा घेतला हुता हातात. न्हाई झालं माझ्याच्यानं, वैनी."

या उत्तरानं मला जरा बरं वाटेल, अशी त्यांची समजूत असावी. मला वाटलं नाही. खूण कुणाची ते ओळखून, बोळा खाली ठेवून, त्यांनी तो सेल्फ दुसऱ्याच्या गाडीत बसवला होता. न ओळखता केलं असतं तर मी कधीच विसरले असते. आणि माझ्यासमोर, मला मोजायला शिकवून, दहाला चालतो म्हणाले होते.

सेल्फ परत आला नाही. फार्महाऊसवाल्यांनी पैसे मोजून घेतलेला, त्यांचा काय दोष? अकरा हजार देईन, एवढं मात्र मास्तर आपणहून म्हणाले आणि दर महिन्याच्या बाजाराला येऊ लागले. दारातूनच माझ्या हातात पैसे ठेवायचे. मी पाणी द्यायचे, चहा नाही. ते वाट बघत नसत, पण तांब्या जरा उशिरा खाली ठेवायचे.

गेल्या महिन्यात ते आले तेव्हा हे ओट्यावरच बसले होते. मास्तरांनी खिशातून धुतलेला रुमाल काढला, उजवा हात पुसला, उन्हात धरून बघितला आणि उरलेल्या नोटा यांच्यापुढे केल्या.

यांनी डावा हात पुढे केला.

मास्तरांचा हात तिथेच राहिला.

"उजवा वर वळत नाही मास्तर," हे म्हणाले. "ठेवा ह्याच्यात."

मास्तरांनी ठेवल्या. मी मोजल्या. अकरा हजार पुरे झाले.