खिंडसीत वारा सुटला तेव्हा

मंडळी, घरी पोचले तरी माझे कपडे अजून ओलेच आहेत.

आज मी आणि ताई खिंडसी तलावात छोटी नाव वल्हवत बेटांकडे गेलो होतो. मध्यावर अचानक वारा सुटला. लाटा बाजूनं आदळू लागल्या. मी घाबरून नाव काठाकडे वळवली.

"तिकडं नको वं! नावेचं तोंड वाऱ्याकडे कर, नाहीतर उलटन!" ताई ओरडली.

पाणी तोंडावर उडत होतं, पण नाव सावरली. कशाबशा एका बेटाच्या आडोशाला लागलो आणि वारा पडेपर्यंत तिथंच बसलो.

"मले बी भेव लागून राहिलं होतं," ताई हळूच म्हणाली.

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू वल्हं सोडलं असतं."

अशा वेळी तुम्ही आपली भीती सोबतच्या माणसाला सांगता का?