आधी बघणाऱ्याचा वाटा

शिकारीबाबांना कुठलीही गोष्ट सगळ्यांच्या आधी दिसायची, आणि दिसली की ते तिच्यात वाटा मागायचे. रानडुकराच्या शिकारीत म्हणे पूर्वी तसा रिवाजच होता. एक वाटा मारणाऱ्याचा, एक कुत्र्यांचा आणि एक आधी बघणाऱ्याचा. शिकारीवर बंदी आली, बाबांची बंदूक गेली, त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली. पण रिवाज काही त्यांनी सोडला नाही. कोणाच्या आंब्यावर पहिला पाड दिसला की बाबा त्याच्या दारात उभे. "आधी मी बघितला. काढ वाटा!" लग्नाच्या मांडवात आचाऱ्याने जिलेबीवरचं फडकं उचललं की तिथेही हाच कायदा चालायचा. लोक हसत हसत देऊन टाकायचे.

सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांचं घर होतं, थोडं भात, थोडी नाचणी. मी किन्हवलीच्या शाळेतला मास्तर. आम्ही तीन मास्तर सुट्टीच्या दिवशी कड्यावरची गिधाडं मोजायला जायचो आणि वाट दाखवायला बाबा पुढे असायचे. आम्ही गळ्यातल्या दुर्बिणी सावरेपर्यंत ते सांगून मोकळे. "काळ्या खडकाच्या डाव्या अंगाला बघ. बसलंय." आणि तिथे ते खरोखरच बसलेलं असायचं. गावात त्यांचा जो मान होता, तो या डोळ्यांचा होता.

पण घरट्यात पिल्लू आहे की नाही, हे आमच्या साध्या दुर्बिणींना कळत नव्हतं. म्हणून एक स्पॉटिंग स्कोप घ्यायचं ठरलं, म्हणजे एका डोळ्याने बघायची, तीन पायांवर उभी राहणारी लांबलचक दुर्बीण. परदेशातले शिकारी डोंगरात हीच वापरतात, असं मी बाबांना सांगण्याची चूक केली. "मग ती शिकाऱ्यानंच निवडाय पायजे," म्हणून ते धुतलेली टोपी घालून माझ्याबरोबर ठाण्याच्या दुकानात आले. सगळ्यांत भारी दुर्बीण झेपणारी नव्हती आणि सगळ्यांत स्वस्त घेऊन पस्तावायचं नव्हतं. मधली कुठली, एवढाच प्रश्न होता.

दुकानदार गोड बोलणारा होता. "ही घ्या सर, साठ पट मोठं दिसतं," तो म्हणाला. बाबा म्हणाले, "साठ पट मोठं दिसंल तर साठ पट हलंल पण. कडा तापला का हिच्यातून नुसती वाफ दिसायची. वीस-पंचवीसला साफ दिसतं का, ते बोल." त्याने मोठ्या काचेची एक काढली. बाबांनी ती उचलून माझ्या हातात दिली. "ही घेऊन कडा चढशील, मास्तर? पोटाकडं बघून सांग." मी पोटाकडे बघितलं आणि दुर्बीण परत ठेवली.

मग त्यांनी आम्हाला सगळ्या दुर्बिणींसकट जिन्याखालच्या अंधारात नेलं आणि समोरच्या इमारतीच्या जिन्यातल्या विजेच्या मीटरवरची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. स्वस्त दुर्बिणीतून अक्षरांचा काला दिसत होता. "सावज दिसतं ते फटफटायच्या टाइमाला. भर उन्हात काय, सगळ्याच काचा शहाण्या!" शेवटची परीक्षा श्वासाची. मी श्वास धरायचा, पाण्याच्या टाकीवरचा कावळा दुर्बिणीत शोधायचा आणि मगच श्वास सोडायचा. पहिल्या दोन दुर्बिणींत कावळा सापडेपर्यंत माझा जीव कासावीस झाला. तिसरीत तो पटकन सापडला. साठ मिलिमीटरची काच, किंमत मधली, वजन बेताचं. "हीच," बाबा म्हणाले.

या सगळ्यात प्रत्येक वेळी डोळा लावला तो मी. मला वाटलं, गुरू लोकांची हीच पद्धत असते. तेवढ्यात तसलीच कोरी दुर्बीण पायांवर चढवून दुकानदार म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण बघा ना." बाबा वाकले, एक डोळा मिटला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "वा! कावळ्याचं पीस न् पीस मोजून घ्या."

दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर झाकण तसंच होतं.

दुकानदार पाठ फिरवून खोका शोधत होता. त्याला काहीच कळलं नाही. मी गुपचूप दुर्बीण पायांवरून उतरवली.

मुरबाडच्या एसटीत बाबा खिडकीबाहेर तोंड करून म्हणाले, "झाकण होतं ना रे?"

"होतं."

"दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. चार वर्सं झाली."

मी थक्क झालो. मग ती काळ्या खडकावरची गिधाडं? "कड्यावरच्या बसायच्या जागा मला पोरवयापासून पाठ हायत. गिधाड जागा बदलत नाय. आन वारा कसा हाय त्यावरून ते घरी हाय का बाहेर गेलंय ते कळतं." ऑपरेशनला मात्र ते तयार नव्हते. थोरल्या भावाने ऑपरेशननंतर पथ्य पाळलं नव्हतं, चौथ्याच दिवशी भाताच्या आवणीला चिखलात उतरला होता आणि त्याचा डोळा कायमचा गेला होता. "आता अर्धं तरी दिसतं. आन तू कुणाला सांगू नको. गावाला कळलं तर मी नुसता ओट्यावरचा म्हातारा." मी शब्द दिला.

त्या हिवाळ्यात बाबा बोट दाखवत आणि मी दुर्बीण लावत असे. आमची जोडी जमली होती. एका सकाळी त्यांनी कड्याच्या उजव्या टोकाकडे बोट केलं. "दोन हायत. बघ." मी बघितलं. खडक मोकळा होता. पुन्हा बघितलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला त्या म्हाताऱ्याची इतकी माया आली की मी म्हणालो, "हो बाबा, दोन आहेत." आणि वहीत दोन लिहिलेसुद्धा.

"खोटं बोलतोस," बाबा म्हणाले. "तिथं गिधाड कदी बसलंच नाय. बसायला जागाच नाय. मी मुद्दाम बोललो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला दिसत नाय, ते मी लपवलं. पण आजचं सोडलं तर नसलेलं गिधाड मी तुला कदी दाखवलं नाय. माझ्या डोळ्याच्या जागी तू, आन तूच असं लिवणार?" ते रागावून चार पावलं गेले, दगडाला ठेचकाळले, खाली बसले आणि आपल्याच अंगठ्याकडे बघून हसायला लागले. "जाऊ दे. तुझ्या डोळ्यांपरीस डाक्टर बरा. चल, कदी नेतोस?"

शहापूरला ऑपरेशन झालं. पथ्याच्या दिवसांत त्यांनी सुनेला भंडावून काढलं, पण पथ्य पाळलं. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "मास्तर, तुला एवढं टक्कल पडलंय आन मला कुणी बोललं नाय?" पुढच्या हिवाळ्यात त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला तो दुपारपर्यंत काढलाच नाही. आम्ही तिघे मागे रांगेत. घरट्यातलं पिल्लू आधी त्यांनी बघितलं आणि वाटा म्हणून माझ्या डब्यातली दोन्ही अंडी खाल्ली.

असे दोनच हिवाळे मिळाले. तिसऱ्याच्या तोंडावर साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाबा गेले. मला त्यांची फार आठवण येते, डबा उघडताना तर हमखास येते.

आता कड्यावर गिधाडं क्वचितच दिसतात. मित्र म्हणतात, लांबून गेलं ते गिधाडच धर, एवढं चढून आलोय, वही कोरी कशाला ठेवायची? माझाही हात शिवशिवतो. मी आणखी एक तास काचेला डोळा लावून बसतो, आणि मग लिहितो, आज एकही दिसलं नाही.