श्वास रोखा

"श्वास रोखा!"

आयआर मशीनचं झाकण उघडताना साहेब डावा हात वर करून असं म्हणायचे, आणि आमच्या लॅबमधली सगळी शिकलीसवरलेली माणसं गाल फुगवून उभी राहायची. या मशीनमध्ये अवरक्त किरण पदार्थातून जातात, पडद्यावर आलेख उमटतो आणि संग्रहातल्या आलेखांशी तो जुळवून मशीन पदार्थाचं नाव सांगतं. पण जवळ कुणी श्वास सोडला, की त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचाही एक दात आलेखात उगवतो. तो दिसला की साहेब भडकत. "कोण श्वास घेतंय? घरी जाऊन घ्या!"

त्यांचा दुसरा नियम, "लेबल नाही म्हणजे वस्तू नाही." बिनलेबलाची बरणी ते सरळ बेसिनमध्ये रिकामी करत. माझी चहाची साखर अशीच वाहून गेली.

साहेबांचं फौजेतलं घराणं, चार पिढ्या बडोद्यात. दुपारी डबा उघडताना ऐटीत सांगायचे, "आमची आमटी आमसुलाची. लिंबाचं फूल घालणाऱ्यांतले आम्ही नव्हे." हा टोला आमच्या सहकारी जागृतीबेनच्या दाळीला असे.

मग साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वारल्या. मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये साहेब एकटेच आमटी करू लागले. रोज डबा उघडून एक घास घ्यायचे आणि झाकण लावायचे. "आमसूल तेच, गूळ तोच, मसालासुद्धा तिनेच केलेला. पण ही ती नाही." माणूस दिवसेंदिवस वाळत चालला. आम्हाला खरंच भीती वाटू लागली.

एका सोमवारी ते मसाल्याच्या डब्यामागे सापडलेली छोटी बरणी घेऊन आले. आत पांढरे स्फटिक. लेबल नाही.

"चाखी जुओ ने, साहेब!" जागृतीबेन म्हणाल्या.

"अनोळखी पदार्थ चाखायचा नसतो."

तीस वर्षं ते बहुधा तोच चाखत आले होते, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

त्यांनी चिमूटभर स्फटिक पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर खलात घोटले, दाबून पातळ चकती केली, मशीनमध्ये ठेवली. हात वर. आम्ही गाल फुगवले. आलेख हळूहळू उमटू लागला, आणि मशीनने नाव सांगायच्या आत साहेबांनी तो ओळखला. अगदी मशीनवर ओणवून त्यांनी लांब उसासा टाकला.

सायट्रिक अ‍ॅसिड. म्हणजे लिंबाचं फूल.

"साहेब, आ दांत कोनो?" जागृतीबेननी पडद्यावर बोट ठेवलं.

"माझा."

"पुन्हा घेऊ या?" मी विचारलं.

"नको. राहू दे." मशीनच्या संग्रहात त्यांनी तो आलेख तसाच साठवला आणि स्वतः नाव टाइप केलं. बरणीलाही तेच लेबल लावलं. दुसऱ्या दिवशी डबा चाटूनपुसून रिकामा झाला.

साहेब निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी वारलेही. आजही सायट्रिक अ‍ॅसिडचा नमुना आला की मशीन सगळ्यात आधी नाव दाखवतं, 'घरची आमटी'. एका तपासनीसाने चष्मा काढून विचारलं, "हे काय आहे?"

"स्टँडर्ड," मी म्हणालो.

ते आम्ही पुसत नाही. पडद्यावर दोन आलेख एकावर एक येतात, आमचा आणि त्यांचा. आम्ही अजून श्वास रोखून उभे असतो, त्यामुळे दात फक्त त्यांच्या आलेखात दिसतो.