गुडघ्याएवढे नळ

नळवाले काका परदेशी निघाले, तेव्हा निम्म्या गल्लीला ती चेष्टाच वाटली. कधी पाहुणा म्हणूनही कुठे चार दिवस न राहिलेला माणूस, आणि म्हणे परमुलखातल्या खेड्यात स्वच्छ पाणी पोचवायला फुकट राबणार! पण त्यांना धाडलं होतं लेकीनं. काकू जाऊन वर्ष होत आलं तरी काकांच्या डोळ्यांत टिपूस आला नव्हता. काम सोडलं होतं. जेवा म्हटलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे. लेकीनं त्याचीच धास्ती घेतली होती. "बाबा, एक तर रडा, नाहीतर हात तरी हलवा," ती म्हणाली. त्यातल्या त्यात हात हलवणं सोपं होतं.

तिथं डोंगरातल्या झऱ्याचं पाणी टाकीत घेऊन, गाळून, खाली वस्तीत आणायचं होतं. काका मुकाट्यानं चर खणत, पाइप जोडत. टाकीत पहिली धार पडली तेव्हा सगळे नाचले. काकांनी हात पुसले आणि पान्हा पेटीत ठेवला. संध्याकाळी लेकीचा फोन ठरलेला.

"काही वाटलं का, बाबा?"

"नाही गं. दगडाला काय वाटणार?"

शेवटी चौकातल्या ओट्यावर नळ बसवायचं काम काकांकडे आलं. ते झालं आणि दुसऱ्या दिवशी बायका उंच उंच कॅन घेऊन आल्या. पहिलीनं कॅन नळाखाली सरकवला, तो शिरेचना. तिरका केला, तर निम्मं पाणी पायावर. सगळ्या खो खो हसल्या. काकांबरोबर आलेल्या पथकातली इंजिनिअर पोरगी धावत आली.

"काका, हे काय केलंत? उंची सांगितली होती ना मी? माप नाही घेतलं?"

"घेतलं की."

"कशानं?"

काकांनी गुडघा पुढे केला, आणि मग स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले. गिऱ्हाइकाकडे टेप, घरी गुडघा, अशी त्यांची जुनी रीत. काकूंचा खांदा धरला तेव्हापासून त्यांचा हात वर जात नसे. म्हणून न्हाणीतला, अंगणातला, घरातला एकेक नळ काकांनी गुडघ्याच्या मापानं खाली आणला होता, त्यांना बसल्या बसल्या फिरवता यावा म्हणून. इथं हातांनी मालकाला न विचारताच घरचं माप धरलं होतं.

"वर घ्यावे लागतील, काका. सगळे."

"घेतो."

चूक ती चूक. दिवसभर काकांनी एकेक नळ काढून वर बसवला. शेवटचा तेवढा खाली उरला, त्याला पान्हा लावला आणि ते ओट्यावर बसले. बसल्या जागेवरून नळ फिरवून पाहिला. बरोबर हाताला आला. बंद केला, पुन्हा सोडला. तेवढ्यात फोन वाजला.

"काही वाटलं का, बाबा?"

काकांचा हात नळावरच होता. पाणी नुसतं वाहत होतं.

"हा वर घेतला ना," त्यांचा आवाज फाटला, "तर तुझ्या आईचा हात नाही गं पोचायचा."