मामींनी राखून ठेवलेली पानं

शाळेत असताना ‘वाचनाचे महत्त्व’ या विषयावर मी बरेच निबंध ठोकले. पुस्तकं माणसाला घडवतात, विचार प्रगल्भ होतात, वगैरे वगैरे. मार्क उत्तम पडायचे. अभ्यासाबाहेरचं एकही पुस्तक तेव्हा मी धड शेवटापर्यंत वाचलेलं नव्हतं, हे बाईंना कुठे माहीत? पुस्तकाने घडणं म्हणजे काय हे मला पुढे समजलं, आणि तेही अशा एका बाईंमुळे, ज्यांना देवनागरीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते मोजून-मापून सांगण्यासारखे नाहीत.

दोन हजार तीन साली माझी दहावी झाली आणि बाबांची रेल्वेतली बदली थेट चेन्नईला आली. आम्ही सोलापूरहून तांबरमला येऊन पडलो. अकरावीच्या वर्गात शिकवणं इंग्रजीतून असलं तरी विनोद, भांडणं, कुजबूज सगळं तमिळमधून. मला तमिळचं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा वर्गात काहीतरी विचारायला उभी राहिले, माझ्या उच्चारांवर पोरी खदखदून हसल्या, आणि मी तोंडच मिटून घेतलं. सोलापुरात जिला गप्प बसवायला आईला ओरडावं लागायचं, ती मी घरीसुद्धा हो-नाहीवर आले. सारखं एकच टुमणं, मला मामाकडे परत पाठवा. शेवटी बाबा म्हणाले, “दसऱ्यापर्यंत कळ काढ. तोवर नाहीच रमलीस तर जा.” मामाने तिथल्या कॉलेजात बोलून ठेवलं. दसऱ्याच्या दिवशीच्या गाडीचं तिकीटही आलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई एकट्या राहत. बँकेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि बोलण्यात ठसका. मूळचं घराणं तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच, तरी घरात मराठी. मला म्हणाल्या, “मला मामी म्हण. इथें सगळे तसंच म्हणतात.” मला माझ्या सख्ख्या मामीकडे जायचं होतं, ही कुठली मामी! पण तोंडदेखलं म्हटलं. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसूच आलं. शब्द जुन्या बखरीतले आणि चाल तमिळची. त्यांनाही माझी मराठी ऐकून हसू यायचं. “तुमच्या मराठींत अर्धं इंग्रजी कां गं?” असं विचारून मोकळ्या व्हायच्या.

बाबांनी एका रविवारी मराठी मंडळाच्या कपाटातून एक कादंबरी आणली, माझं मन रमावं म्हणून. मुखपृष्ठ गळालेलं, पहिली पानं बेपत्ता. नाव काय, कोणी लिहिली, मला आजही माहीत नाही. वरती उकडायचं म्हणून मी जिन्यात बसून ती चाळत होते. मामी दारात आल्या.

“काय वाचतेस?”

“गोष्ट आहे. मराठी.”

“मराठी?” त्यांनी पुस्तक हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. “आपल्या भाषेंत एवढं मोठं पुस्तक? आमच्याकडे मराठी म्हणजे जेवायला हांक मारायला आणि पोरांवर रागवायला. वाचायचं तें सगळं तमिळ.” मग पायरीवर बसत म्हणाल्या, “मोठ्यानं वाच पाहूं.”

त्या दिवसापासून शाळेतून आल्यावर त्यांच्याकडे जायचं, कॉफी प्यायची आणि वाचायचं, हे ठरूनच गेलं. महिनोन्‌महिने मिटलेलं माझं तोंड उघडलं ते असं. मामी काही गुपचूप ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. अडलेल्या शब्दापाशी थांबवायच्या, अर्थ विचारायच्या, आणि मलाच तो नीट येत नाही हे ध्यानात आलं की मिस्कील हसायच्या. मग मी आदल्या रात्रीच पुढचं वाचून, शब्द आईला विचारून जाऊ लागले. इतकं मन लावून मी परीक्षेचाही अभ्यास केला नव्हता.

कादंबरीत एक शिक्षिका होती. तिची बदली लांबच्या गावी झालेली, आणि जावं की नोकरी सोडावी यात ती अडकलेली. यावरून आमची चांगलीच जुंपायची.

“तिने का म्हणून आपलं गाव सोडायचं?” मी तावातावाने म्हणायची.

“जाऊन पाहिल्याविना कसं कळतें?” मामी म्हणायच्या आणि कॉफीचा पेला पुढे सरकवायच्या.

दुसऱ्याची बाजू ऐकून घ्यायची, तरीही आपलं म्हणणं सोडायचं नाही, हे मी त्या पुस्तकावर भांडताना शिकले. पुढे नोकरीत कितीतरी वेळा कामाला आलं.

नवरात्र आलं. मामींनी पायऱ्या मांडून बाहुल्यांचा कोलू सजवला. नवमीला सकाळी त्या वर आल्या आणि आईला म्हणाल्या, “सरस्वतीच्या पूजेला तुमचीं पण पुस्तकं द्या.” आईला फार बरं वाटलं. आमच्याकडे दसऱ्याला पाटीपूजन व्हायचं, फूल वाहिलं की पुस्तक लगेच उचलायचं. तिने माझी सगळी पुस्तकं दिली, आणि वर ती कादंबरीही. शेवटचा भाग उरलेला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी गाडी. आज बसून संपवायचं असं मामींचं आणि माझं ठरलेलं.

संध्याकाळी मी खाली गेले. हातावर सुंडल आलं, हरभऱ्याची खोबरं घातलेली उसळ, पण पुस्तक काही मिळेना.

“आज नाहीं. पूजेंतलं पुस्तक उद्या सकाळीं काढायचं. आज कुणी वाचायचं नाहीं, पेपरसुद्धां नाहीं.”

“अहो मामी, मी उद्या जातेय!”

“असूं दे.”

माझं डोकंच फिरलं. वाचनाच्या देवीच्या दिवशी वाचायचं नाही, हा काय न्याय? तणतणत वर आले आणि आईवरही खेकसले. ती बिचारी म्हणाली, “मला काय ठाऊक, यांच्याकडे रात्रभर ठेवतात ते?” सुंडल खाल्लं, पण फणकाऱ्यातच.

विजयादशमीच्या सकाळी मामींनीच बोलावलं. पुस्तकं पूजेतून काढलेली होती, कादंबरी सगळ्यांत वर. समोर ताटात तांदूळ पसरलेले. त्या भागात लहान मुलांना त्या दिवशी तांदळात पहिलं अक्षर गिरवायला बसवतात. मी इकडेतिकडे पाहिलं. घरात मूल कुठलं? मामी स्वतःच मांडी घालून बसल्या आणि बोट पुढे केलं.

“तूं जाणार. मग उरलेलं मला कोण वाचून दाखवील? शिकीव.”

साठीच्या बाईंचं बोट मी हातात धरलं. अ काढला. त्यांनी तो पुसून पुन्हा काढला, वाकडा. जीभ दातांत धरून, अगदी पहिलीतल्या पोरीसारखं. मग ताट माझ्याकडे वळवून माझं बोट धरलं आणि तमिळ ‘अ’ गिरवून घेतला. मला भरून आलं. एवढे दिवस या गावाने मला काही दिलं नाही म्हणून मी रडत होते, आणि मी त्या गावाला काही देऊ शकते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुपारी बाबांना म्हटलं, “दिवाळीपर्यंत थांबते. त्यांचा क, ख तरी होऊ दे.”

बाबांनी काही न विचारता तिकीट रद्द केलं. दिवाळीपर्यंत बाराखडी झाली, पोंगलपर्यंत जोडाक्षरं. मामी जोडाक्षरांना शिव्या घालायच्या. “तमिळमध्यें असं अक्षरावर अक्षर बसत नाहीं!” मीही काही कमी नव्हते. बसवरच्या पाट्या वाचायला लागले, वर्गात तमिळमधून चुकीचं का होईना बोलायला लागले. पोरी हसल्या तर मीही हसायचे. मामींच्या लोखंडी कपाटात त्यांनी साप्ताहिकांतून कापलेल्या क्रमशः कादंबऱ्या होत्या, वर्षानुवर्षं घरीच शिवून बांधलेल्या. त्यातलं सगळ्यांत पातळ बाड त्यांनी माझ्यापुढे टाकलं. पानाला तास लागायचा, पण सोडवत नव्हतं.

आमच्या कादंबरीचा शेवट मी केव्हाच वाचला होता. मामींची ताकीद होती, “ती शिक्षिका गेली कीं राहिली, सांगूं नको. मी वाचीन.”

गुढीपाडव्याच्या सुमारास त्या शेवटच्या पानावर आल्या. बोट ओळीखाली, चष्मा नाकावर, एकेक शब्द मोठ्याने. मी पायरीवर बसून ऐकत होते, अडखळल्या तरी मधे तोंड घालायचं नाही असं मोठ्या मुश्किलीने स्वतःला बजावत. शेवटची ओळ संपली. मामींनी पुस्तक मिटलं, पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

“झालं. अता तूं सोलापूरला गेलीस तरी चालेल.”

माझ्या मांडीवर त्यांनी शिवलेलं बाड उघडं होतं, निम्मंही झालं नव्हतं.

“पोगमाट्टेन, मामी,” मी म्हटलं. नाही जात.