पिंपळपानाचा ठसा

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. मलकापूरच्या आमच्या चांदीच्या दुकानात ते मोडीबरोबर येतात. मोड म्हणजे लोक आटवायला आणतात ती जुनी भांडी. भांडी आटतात, किस्से राहतात! मी इथे चौदा वर्षं काउंटर सांभाळते आहे, आणि माझ्याकडचे निम्म्याहून जास्त किस्से एकट्या पुंडलिककाकांचे आहेत.

काका आमचे सगळ्यात जुने कारागीर. त्यांनी बूड पाहिल्याशिवाय एकही भांडं मुशीत जात नाही, हा दुकानाचा नियमच आहे. बुडाखाली घडवणाऱ्याचा नखाएवढा ठसा असतो. कुठे अक्षर, कुठे फूल, कुठे मासा. काका त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासतात, उमटलेला ठसा वहीत चिकटवतात आणि शेजारी कारागिराचं नाव-गाव लिहितात.

"देणाऱ्याचं नाव भांड्यावर ठळक घालतात," काका म्हणतात, "अन् करणारा बिचारा बुडाखाली! त्याले कोनी विचारलं पाह्यजे का नाही?"

वहीत एकाच ठशापुढची जागा कोरी होती. पिंपळाचं पान, टोक जरासं मोडलेलं. हा ठसा असलेलं एक तबक काकांनी वीस वर्षांपूर्वी मुशीतून वाचवलं आणि फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. "एक चूक दाखवा याच्यात! ह्या गड्याचं नाव लिहीन, मंगच काम सोडीन."

* * *

आमच्या दुकानाच्या शेठच्या पुतणीचं लग्न नांदुऱ्याला होतं. व्याह्यांनी मोठ्या कौतुकानं काकांचं पान चांदीच्या ताटात वाढलं, कढीला चांदीची वाटी. आता काकांना राहवतंय होय! भरली वाटी त्यांनी डोक्याच्या वर धरली आणि खालून बूड बघायला लागले. कढी बाहीतून थेट कोपरापर्यंत. व्याही टॉवेल घेऊन धावले.

काका शांतपणे म्हणाले, "ठसा अस्सल आहे. कढीत मीठ कमी!"

* * *

एकदा एक साहेब चांदीचा टी-सेट घेऊन आले. पणजोबांना गोऱ्या कलेक्टरानं दिलेला, खास विलायतेहून आणलेला, बुडाखाली सिंहाचा छापसुद्धा आहे, वगैरे वगैरे. काकांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं.

"साहेब, सिंह आहे, पण त्याची शेपटी बैलाची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे करणारा इकडचाच. विलायती छाप पाहून केला, पण सिंह काही त्यानं जन्मात पाह्यला नव्हता!"

साहेबांचा चेहरा पडला. मग काकांनी किटलीची चोच त्यांच्यासमोर धरली. "पन हे पाहा. सांधा दिसते का कुठी? सिंह सोडला तं विलायतवाल्यायले लाजवील असं काम आहे. हे आटवता?"

साहेबांनी सेट पुन्हा पिशवीत भरला. जाताना दारात थांबून त्यांनी एक कप बाहेर काढला आणि शेपटी नीट बघून घेतली.

* * *

काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी दुसऱ्याच दिवशी हिरवी पट्टी लावून हजर! शेठनी दोन्ही डोळे मिटून बसायला लावलं. बसले खरे, पण हात कुठे गप्प बसतात? म्हणून शेठ, मी आणि दुकानातला पोरगा सुरेश, आम्ही परीक्षा घेतली. एकेक भांडं हातात द्यायचं, काकांनी नुसत्या अंगठ्यानं ठसा ओळखायचा.

पहिली चार बरोबर! नाव, गाव, सगळं. शेठना चेव आला. त्यांनी हळूच स्टीलचं एक झाकण काकांच्या हातात ठेवलं. काकांनी अंगठा फिरवला. मग झाकण नाकाजवळ नेलं.

"काऊन रे सुरेश, माह्या डब्यातला ठेचा कोनी खाल्ला?"

* * *

आणि मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. मेहकरच्या बसनं एक म्हातारी बाई आली. पदरातून एक वाटी काढून माझ्यासमोर ठेवली. "हे मोडा, अन् नातीले पैंजण द्या."

मी सवयीनं वाटी काकांकडे सरकवली. त्यांनी ती उलटी केली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. पिंपळाचं पान. टोक मोडलेलं.

"माय, हा ठसा कोनाचा? कोन होता हा गडी?"

"गडी कायचा? माहाच ठसा आहे तो."

ती सहज सांगत होती. "माहे मालक चांदी घडवत, त्यायचा हात कापू लागला. गिऱ्हाईक तं येतच होतं. मंग मीच घडवू लागली. त्यायचा ठसा माह्या कामावर कसा मारू? म्हणून पान केलं."

"अन् हे मोडकं टोक?" काकांनी विचारलं. नक्कल ओळखू यावी म्हणून कारागिरानं मुद्दाम ठेवलेली ती गुप्त खूण आहे, असं काका दुकानात वीस वर्षं समजावून सांगत आले होते.

"टोक होय? ठसा फरशीवर पडला!"

शेठनी तिची वाटी उचलली आणि मोडीच्या डब्यापासून लांब ठेवली. काका उठले, कपाटातून तबक आणलं, फडकं सोडलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवलं.

तिनं आधी तबक उलटं केलं, अगदी काकांसारखंच. मग काठावरून अंगठा फिरवला. "हे कायले जपून ठेवलं, दादा? हे तं माहं पह्यलं काम. इथं काठ बसला आहे, पाहा कसा दबला."

काकांनी त्याच जागी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हाव," ते म्हणाले. "बसला आहे."

मग त्यांनी वही उघडली, ती कोरी जागा काढली आणि पेनाचं टोपण काढून बसले. "सांगा माय, नाव सांगा."

"नाव मंग लिहा," तबक पुढ्यात ओढत ती म्हणाली. "आधी हातोडी द्या!"